४० लिटरची सॅक: राजीनाम्याच्या ५ महिने आधी घेतली, मग १४ महिने एकटीने जगभर वापरली

ही सॅक घेतली तेव्हा माझी नोकरी चालू होती, घर सामानाने भरलेलं होतं आणि जायचं काही नक्की नव्हतं. ११ वर्षं एकाच ऑफिसात, काम चांगलं, माणसं चांगली, तक्रार करावी असं काहीच नाही, आणि खरं तर म्हणूनच निर्णय होत नव्हता, त्रास असता तर सोडणं सोपं गेलं असतं. दीड वर्ष नुसते नकाशे बघत होते. मग एका रात्री सॅक मागवली. वर्ष-दोन वर्षांसाठी सगळं सोडून एकटं फिरायला निघायचा विचार ज्यांच्या डोक्यात घोळतोय त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू लिहितेय, कारण दुकानाच्या पानावरचे रिव्ह्यू बहुतेक आठवड्याभराच्या ट्रिपनंतर लिहिलेले असतात आणि एवढ्यात सॅकची खरी परीक्षा होत नाही.

ब्रँडचं नाव देत नाहीये. मॉडेल सारखी बदलतात, आणि या मापाच्या सॅक बऱ्याच कंपन्या बनवतात. माझी ५५ सेंमी उंच, ३५ रुंद, २२ जाड, रिकामी दीड किलो, सूटकेससारखी तिन्ही बाजूंनी पूर्ण उघडणारी, २१० डेनियर (धाग्याच्या जाडीचं माप) नायलॉनची, वायकेके कंपनीच्या झिपा, आणि काढता येणारा हिप बेल्ट, म्हणजे कंबरेचा पट्टा. हे शेवटचं मोठ्या अक्षरात वाचा, पुढे त्यावर बरंच लिहिणार आहे.

आधी सॅक घेण्याचा क्रम. सगळे सांगतात आधी ठरवा, मग पैशाचं बघा, मग राजीनामा, मग खरेदी. माझं उलटं झालं आणि मला वाटतं ते बरंच झालं. सॅक आली तेव्हापासून मी दर रविवारी संध्याकाळी ती भरायला लागले, हातात धरायच्या काट्याला लटकवून वजन बघायचं आणि पाठीवर घालून तासभर चालून यायचं. पहिल्या रविवारी १३.८ किलो भरली होती. तीन जोड बूट, हेअर ड्रायर, पाच पुस्तकं, दोन जाड स्वेटर, औषधांचा अख्खा डबा. पाऊण तासात खांदे बधिर झाले. पुढच्या रविवारी पुस्तकं बाहेर, त्याच्या पुढच्या रविवारी ड्रायर. आणि यात एक गोष्ट झाली जी मला अपेक्षित नव्हती, ती म्हणजे डोक्यातला प्रश्न लहान झाला. "सगळं सोडून जाऊ का?" या प्रश्नाला मी दीड वर्ष उत्तर देऊ शकले नव्हते, पण "दुसरा स्वेटर हवा का?" याला देता येत होतं. असे शंभरएक प्रश्न सुटले आणि मग लक्षात आलं की मोठा प्रश्न मधल्यामधे कधीतरी सुटून गेलाय. बाविसाव्या रविवारी सॅक ८.२ किलोवर आली आणि सोमवारी मी राजीनामा दिला.

घरच्यांना तेव्हा सांगितलं. आई आली, दाराशी सॅक ठेवलेली होती ती तिने एका हाताने उचलून बघितली, खाली ठेवली आणि विचारलं, "आजारी पडलीस तर ही कोण उचलणार?" मला वाटलं होतं ती परत कधी येणार ते विचारेल, एकटी कशी राहशील म्हणेल, त्या सगळ्याची उत्तरं पाठ करून ठेवली होती. याचं उत्तर नव्हतं. पण सॅक निवडताना विचारायचा याच्याइतका नेमका प्रश्न मी अजून कुठल्याही रिव्ह्यूत वाचलेला नाही. दोघं जात असाल तर एकाला ताप आला की दुसरा दोन्ही सॅक घेतो. एकटं असलं की जे आहे ते तापातही आपणच उचलायचं. त्या रात्री मी अजून ६०० ग्रॅम काढले.

(हनोईत पहिल्याच महिन्यात १०२ ताप आला. हॉस्टेल बदलायचंच होतं, नवीन खोली तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. ७.६ किलो घेऊन चढले. मधे दोनदा बसले पण चढले. १३.८ असती तर जिन्यात खालीच ठेवून रडले असते. खोलीत पोचल्यावर आईला तेवढं एकच कळवलं, की मी उचलली.)

आता माप. लिटर सगळे बघतात, पाठीची लांबी कोणी बघत नाही, आणि खांदे दुखण्याचं मुख्य कारण तेच असतं. मान पुढे वाकवली की मानेच्या मुळाशी एक हाड टोकदार वर येतं, तिथून टेप खाली सोडायची, कंबरेवर दोन्ही बाजूंना हात ठेवले की अंगठे मागे जिथे जातात त्या रेषेपर्यंत. माझी ४१ सेंमी आली, आणि बऱ्याच सॅक त्याहून लांब पाठीसाठी बनवलेल्या असतात, मग हिप बेल्ट कंबरेच्या हाडावर बसायच्या ऐवजी खाली मांडीवर येतो आणि सगळं वजन खांद्यांवर. बेल्ट नीट बसला तर वजनाचा मोठा हिस्सा कंबर घेते, खांदे नुसता तोल सांभाळतात. माझ्या सॅकमध्ये पाठीची लांबी वेल्क्रोने कमीजास्त करता येते, तीन टप्पे आहेत, मी सगळ्यात खालच्यावर. हे नसेल तर बुटक्या माणसांनी घेऊ नका, बाकी कितीही आवडली तरी. दुकानात रिकामी घालून बघण्याला काही अर्थ नाही, आत सात-आठ किलो काहीतरी भरायला सांगा आणि वीस मिनिटं घालून फिरा, दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

विमानात कशी जाते? केबिन बॅगेसाठी आयएटीएची (विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) सर्वसाधारण मर्यादा ५६ बाय ४५ बाय २५ सेंमी आहे, पण ती नुसती सूचना, प्रत्येक विमान कंपनीचा नियम वेगळा, आणि अनेक कंपन्या ७ किलोवर अडून बसतात. १४ महिन्यांत माझी १९ विमानं झाली, त्यात चार वेळा वजन केलं, एकदा सॅक चेक-इन करावी लागली. चेक-इन करायची वेळ आली तर पॉवर बँक आधी बाहेर काढा, सुटी लिथियम बॅटरी चेक-इनच्या सामानात चालत नाही, आणि केबिनमध्येही परवानगी न मागता १०० वॉट-अवरपर्यंतच. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर होते, तेवढी पुरते. जॅकेटच्या खिशात जड वस्तू घालून वजन कमी दाखवायची युक्ती सगळे सांगतात, मी पण एकदा केली, पण खरं सांगू, ज्या सॅकला युक्ती लागते ती जड आहे.

जपानमध्ये या मापाचं सोनं झालं. टोकियो-ओसाका मार्गावरच्या शिंकान्सेनमध्ये (तिकडची बुलेट ट्रेन) लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १६० सेंमीच्या वर गेली की सामानासाठी वेगळी जागा आधी बुक करावी लागते, हा नियम २०२० पासून आहे. या सॅकची बेरीज ११२. डोक्यावरच्या रॅकमध्ये टाकायची आणि बसायचं. स्टेशनवरच्या कॉइन लॉकरमध्येही मावायची, त्यामुळे सकाळी खोली सोडली तरी दिवसभर मोकळ्या हातांनी फिरता यायचं.

एकट्याने फिरणाऱ्यांसाठी अजून एक माप आहे, कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. स्टेशनवरच्या टॉयलेटमध्ये सॅक घेऊन आत जाता आलं पाहिजे आणि दार लावता आलं पाहिजे. बघा, दोघं असाल तर हा प्रश्नच पडत नाही, एक बाहेर थांबतो. एकटीसाठी बाहेर थांबायला कोणी नसतं. ६५ लिटरवाल्या मुली बघितल्यात मी, बस स्टँडवर आठ आठ तास पाणी न पिता बसलेल्या, कारण सॅक कोणाच्या भरवशावर सोडायची. चाळीस लिटर आत येते, दाराला मागे हुक असेल तर लटकते, नसेल तर मांडीवर मावते. मला चाळीस लिटरचा सगळ्यात मोठा फायदा विचाराल तर विमानाआधी हा सांगेन.

बोलिव्हियात सॅकने मला शिकवलं. जपानमध्ये मी गाफील झाले होते, गरम कपडे घेतले, एक मातीचा सुंदर वाडगा घेतला, दोन वह्या, आणि वजन परत १०.५ वर गेलं. ला पाझ शहराचा एल आल्तो विमानतळ ४,००० मीटरच्याही वर आहे, समुद्रसपाटीच्या मानाने हवेतला ऑक्सिजन जेमतेम ६० टक्के मिळतो, आणि मी तिथे थेट विमानाने उतरले. विमानतळाच्या दारापासून टॅक्सीपर्यंतचं अंतर मला आयुष्यभर लक्षात राहील. दर पंधरा-वीस पावलांवर थांबत होते. खाली ला पाझमध्ये दोन दिवस झोपून काढले आणि तिसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन अडीच किलोचं पार्सल ताईकडे पाठवलं. वाडगा फुटून पोचला. वाईट वाटलं, अजून वाटतं.

उयुनीचं मीठ म्हणजे झिपांची कसोटी. सालार दे उयुनी १०,००० चौरस किलोमीटरहून मोठं मिठाचं पठार आहे, कोरड्या दिवसांत वाऱ्याबरोबर बारीक मीठ सगळीकडे जातं, गाडीच्या टपावर बांधलेल्या सॅकमध्ये तर जातंच. दुसऱ्या दिवशी मुख्य झिप अर्ध्यावर अडकली. ओढू नका! अडकलेली झिप जोरात ओढली की स्लायडरचं तोंड फाकतं आणि मग दात जुळतच नाहीत. मी गोड्या पाण्यात जुना टूथब्रश बुडवून दोन्ही बाजूंनी घासली, वाळू दिली, मग मेणबत्तीचा तुकडा दातांवरून फिरवला, आणि ती झिप आजही सुरळीत चालते. झिपांना पैकीच्या पैकी मार्क.

रेन कव्हरला शून्य. तळाच्या कप्प्यातून निघणारं, इलॅस्टिकचं, दिसायला छान पिवळं. तोरेस देल पाइनमध्ये (चिलीतलं राष्ट्रीय उद्यान, पातागोनियात) वाऱ्याच्या पहिल्याच मोठ्या झोतात उडालं आणि तळ्याच्या दिशेने गेलं, मी नुसती बघत राहिले. पातागोनियात उन्हाळ्यातच वारा जास्त असतो हे वाचलं होतं तरी कव्हर अडकवायला साधं एक लूपही सॅकला नाही, ही बनवणाऱ्यांची चूक आहे. त्यानंतर मी आतून जाड ड्राय बॅग घालायला लागले, तोंड गुंडाळून बंद करायची. बाहेरून सॅक भिजते, आतलं कोरडं राहतं, आणि पाठीच्या बाजूने पाणी शिरतं ते रेन कव्हर तसंही थांबवत नाहीच. तुम्ही पहिल्या दिवसापासून हेच करा.

आता हिप बेल्ट. अकराव्या महिन्यात जॉर्जिया देशात, तिबिलिसीत मार्शरुत्कामधून उतरताना (तिकडची मिनीबस, वर रॅक नाही, सॅक पायात नाहीतर मांडीवर) बकल दारात सापडलं आणि त्याचा एक दात तुटला. बकल तुटतंच, प्लास्टिक आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते पट्ट्यात शिवून टाकलेलं आहे. काही कंपन्या बकलला एक फट ठेवतात, पट्टा त्यातून सरकवून नवीन बकल हाताने बसवता येतं, सुईदोरा लागत नाही. इथे तसं नाही, आणि बेल्ट काढता येतो हे जाहिरातीत एवढं मिरवणाऱ्यांनी नुसता बेल्ट वेगळा मिळायची सोय केलेली नाही. मी कंपनीला ईमेल केला. "आजन्म वॉरंटी" हा शब्द वाचून मी ही सॅक घेतली होती. उत्तर आलं, नम्र होतं, चार दिवसांत आलं. त्यात असं होतं की सॅक जिथे खरेदी केली त्या देशातल्या सेंटरला स्वखर्चाने पाठवा, धुऊन, रिकामी करून, दुरुस्तीला सहा ते आठ आठवडे लागतील, आणि नंतर ती तुमच्या कायमच्या पत्त्यावर येईल. फॉर्म जोडलेला होता. कायमचा पत्ता हा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढेच जात नव्हता.

हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात बसून मी तो फॉर्म बराच वेळ बघत राहिले. निघताना घर सोडलं होतं, फर्निचर देऊन टाकलं होतं, ताईकडे तीन खोके ठेवले होते, आणि आत्ता माझं सगळं घर म्हणजे ही सॅक होती. ती आठ आठवडे पाठवायची तर त्या आठ आठवड्यांत मी राहायचं कशात? लांबच्या प्रवासासाठी म्हणून विकलेल्या वस्तूची वॉरंटी घरी बसलेल्या माणसासाठी लिहिलेली आहे, आणि ही गोष्ट घेण्याआधी विचारायची असते हे मला तेव्हा कळलं. तुम्ही विचारा. दुकानदाराला सरळ विचारा, मी सहाव्या महिन्यात तिसऱ्याच देशात असेन, पत्ता नसेल, बकल तुटलं तर काय? ज्या कंपनीचं उत्तर "बकल पोस्टाने जिथे असाल तिथे पाठवू" असं असेल तिची सॅक एक किलो जड असली तरी घ्या... नाही, एक किलो नको, ३०० ग्रॅम जड असली तरी घ्या.

हे फक्त सॅकचं नाही. पत्ता आणि फोन नंबर या दोन गोष्टींवर किती व्यवहार लटकलेले असतात ते निघाल्यावर कळतं. बँकेचा ओटीपी जुन्या नंबरवर जातो आणि तो नंबर परदेशात चालू ठेवायची सोय केली नसेल तर स्वतःच्याच पैशांपासून तुटतो आपण. नवीन कार्ड घरच्या पत्त्यावर येतं. म्हणून दोन वेगळ्या बँकांची कार्डं, एक अंगावर आणि एक सॅकच्या पाठीकडच्या चोरकप्प्यात. हा कप्पा या सॅकमध्ये उत्तम आहे, पाठीला टेकलेला असतो, घातलेली असताना कोणी उघडूच शकत नाही. पासपोर्टही तिथेच (निघायच्या आधी मुदत बघा, बऱ्याच देशांना प्रवेशाच्या वेळी सहा महिने शिल्लक लागतात, लांबच्या प्रवासात ती मधेच कमी पडते). इन्शुरन्सची प्रत, लसींचं कार्ड. पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला २०१६ पासून आयुष्यभर चालतो, पण लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतो, आदल्या आठवड्यात घेऊन उपयोग नाही. आणि इन्शुरन्समधली न मिळणाऱ्या गोष्टींची यादी वाचा, किती उंचीपर्यंतचा ट्रेक चालतो आणि दुचाकीवर अपघात झाला तर काय, हे तिथेच लिहिलेलं असतं.

ज्यांना ४० लिटर कमी वाटतं त्यांच्यासाठी एक उदाहरण. नेली ब्लाय ही पत्रकार १४ नोव्हेंबर १८८९ ला न्यूयॉर्क परिसरातून एकटी निघाली आणि ७२ दिवसांत जगाला फेरी मारून परत आली, जहाज आणि रेल्वेने. तिच्याकडे एकच हातातली बॅग होती, १६ इंच रुंद आणि ७ इंच उंच. त्यात टोप्या, अंतर्वस्त्रं, शाई, लेखण्या, कागद, सुईदोरा सगळं होतं, आणि तिला सगळ्यात जास्त छळलं ते कोल्ड क्रीमच्या बरणीने, तिच्यामुळे बॅग बंद होईना. तिने अंगावरचा एकच ड्रेस अख्ख्या प्रवासात वापरला. मी एवढं करू शकत नाही, पण चार टीशर्ट, दोन पँट, एक लोकरीचा थर, एक विंडचीटर, पायात बूट आणि सॅकमध्ये सँडल, यात १४ महिने निघाले. थंडी वाढली की तिथे घ्यायचं, ऊन आलं की कोणाला तरी देऊन टाकायचं. तंबू घेऊन राहणार असाल, किंवा भलामोठा कॅमेरा असेल तर ही सॅक तुम्हाला पुरणार नाही, उगाच प्रयत्न करू नका.

१४ महिन्यांनंतरची अवस्था: शिलाई कुठेच उसवलेली नाही. तळाशी कापड घासून पांढरट झालंय पण फाटलेलं नाही. तळाच्या कप्प्यात आतलं पीयू कोटिंग (पाणी अडवणारा थर) चिकट व्हायला लागलंय, दमट हवेत होतंच ते, हनोईत ओली सॅक दोन-तीनदा तशीच कोपऱ्यात ठेवली होती त्याचा परिणाम असावा. खांद्यांचा फोम दबलाय, डावा जास्त. पाठीमागची जाळी घामाने कडक होते, कोमट पाण्याने धुवा, मशीनमध्ये घालू नका.

पाचपैकी साडेतीन. अर्धा रेन कव्हरसाठी गेला आणि एक त्या फॉर्मसाठी.

बकलचं शेवटी तिबिलिसीतच झालं. हॉस्टेलच्या बाईंनी एका चपला दुरुस्त करणाऱ्या आजोबांकडे पाठवलं, तळघरात छोटं दुकान, आम्हाला एकमेकांची भाषा येत नव्हती. त्यांनी बकल हातात घेऊन बघितलं, एका डब्यातून दुसऱ्या कसल्यातरी बॅगेचं जुनं काढलं, रंग वेगळा, माप बरोबर, जुनी शिलाई उसवली आणि जाड काळ्या दोऱ्याने चार ओळी टाके घातले. मग सॅक माझ्या पाठीवर चढवली, बेल्ट लावायला लावला, आणि स्वतः दोन्ही हातांनी सॅक मागून खाली ओढून बघितली. टाके हलले नाहीत. अजून तेच आहेत.